सहाच्या ठोक्याला

कादंबरीकार वाचकांच्या पत्रांना उत्तरं द्यायचे ते शनिवारी दुपारी, जेवण झाल्यावर, डोळ्यांवर पेंग असताना. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ त्या पेंगेतच आहे. पत्रं थोडीथोडकी नसत. आजवर नऊ कादंबऱ्या झाल्यात, आणि नऊच्या नऊ कादंबऱ्यांत कुणीतरी भरकटतं, कोसळतं आणि शेवटी प्रभूच्या पायाशी येतं. लोक वाचून रडायचे आणि रडून झालं की पत्र लिहायला बसायचे. कुणाचा मुलगा दारूच्या नादी लागलेला, कुणाचे कान रात्रंदिवस वाजायचे, कुणाचा देवावरचा विश्वासच उडालेला. मागणं सगळ्यांचं एकच: आमच्यासाठी प्रार्थना करा.

कादंबरीकार लिहायचे, "प्रिय भगिनी, तुमच्यासाठी रोज प्रार्थना करतो." पुरुष असला तर प्रिय बंधू.

करत मात्र नसत. एकदाही नाही. फसवायचं म्हणून नव्हे हो. मनात असायचं की रविवारी चर्चमध्ये करू, सगळ्यांची एकदम. मग उपासनेत पाळकसाहेबांचं एखादं वाक्य कानावर पडायचं, ते वहीत टिपायच्या नादात प्रार्थना राहून जायची. शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचे तेही हातात पेन्सिल घेऊन. चांगली ओळ दिसली की खाली रेघ: ही म्हातारीच्या तोंडी घालता येईल, ही मरणाच्या प्रसंगाला चालेल. यादी घेऊन दुकानात शिरावं तसे शास्त्रात शिरायचे आणि पिशवी भरून बाहेर यायचे. त्यांना स्वतःला काय हवं होतं, ते त्या यादीत कधी आलंच नाही.

त्यांची थोरली बहीण त्यांच्याकडेच राहायची. ताई. पाकिटांवर नाव-पत्ता घालणं आणि ती चिकटवणं हे तिचं काम. एका शनिवारी उत्तर घडी करता करता तिने वाचलं आणि म्हणाली, "अरे, रोज प्रार्थना करतो, रोज प्रार्थना करतो, काय लावलंयस हे? सगळ्यांना तेच. साबणाच्या जाहिरातीसारखं वाटतं."

ती थट्टा होती, पण धंद्यातल्या माणसाला झोंबली. नव्या लेखकांच्या शिबिरात कादंबरीकार तासभर हेच तर सांगायचे: वाचकाला पटवायचंय ना, मग तपशील द्या! म्हातारा रोज फिरायला जातो म्हणालात तर कोण कशाला ऐकेल? दुधाची गाडी यायच्या आधी जातो म्हणा, काठी उजव्या हातात म्हणा. त्यांनी समोरचं पत्र पुन्हा ओढलं, पेनचं टोपण काढलं आणि लिहिलं: "रोज सकाळी सहाच्या ठोक्याला, चहाच्याही आधी, मी पूर्वेच्या खिडकीशी गुडघे टेकतो आणि तुमचं नाव घेतो. त्या वेळी घरात मी एकटाच जागा असतो."

"सहाला? तू?" ताई म्हणाली. हे गृहस्थ आठ वाजता हाका मारल्यावर उठायचे.

"अगं, भाव महत्त्वाचा."

ताईने पाकीट चिकटवलं. वाक्य इतकं बेतशीर उतरलं होतं की ते त्यांनी वहीत टिपून ठेवलं.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. मग गेल्या मंगळवारी दुपारी दारात एक माणूस उभा राहिला. साठीचा असेल. अंगाने किरकोळ, उजव्या डोळ्याभोवती भिंग अडकवून अडकवून पडलेला गोल वळ. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत ते पत्र.

"साहेब, मी घड्याळं दुरुस्त करतो. बाजारापाशी जिन्याखाली दुकान आहे, वर घर. आमच्या हिचं ऑपरेशन होतं तेव्हा हिने तुम्हाला पत्र टाकलं होतं, तुमचं हे उत्तर आलं."

"हो, हो! आठवतं ना," कादंबरीकार म्हणाले. आठवत काडीचंही नव्हतं.

"तुमचं उत्तर आलं आणि ही बदललीच. ऑपरेशनला हसत गेली. म्हणाली, सहाला कुणीतरी माझं नाव घेतंय, मला काय होतंय? आणि घरी आल्यावर म्हणाली, अहो, ते बिचारे एकटेच जागे असतात, आपण त्यांना सोबत करू. तेव्हापासून आम्ही दोघं सहाला उठतो, साहेब. गिऱ्हाइकांची पंधरा-वीस घड्याळं घरात कायम असतात, पण एक ठोक्याचं घड्याळ फक्त तुमच्यासाठी लावून ठेवलंय. अकरा वर्षांत एक मिनिट मागे पडू दिलं नाही."

आत स्वयंपाकघरात ताईच्या हातून काहीतरी पडलं.

घड्याळजींनी पत्र पिशवीत सरळ केलं. "आता मात्र डॉक्टरांनी हात टेकलेत. फार तर आठवडा, म्हणाले. हिची एकच इच्छा आहे. तुम्ही रोज तिथून करता ती प्रार्थना, एक दिवस आमच्याकडे येऊन करायची. उद्या याल का? तिला तुमचा आवाज ऐकायचाय."

इथेच सांगून टाकायला हवं होतं! माणूस समोर होता, दार उघडं होतं, वाक्य चार शब्दांचं होतं. आपल्या नऊ कादंबऱ्यांत या गृहस्थांनी नऊ जणांना भरसभेत उभं करून पापाची कबुली द्यायला लावलं होतं, धाय मोकलून रडायला लावलं होतं. स्वतःवर वेळ आल्यावर काय म्हणाले? म्हणाले, "येतो की. अवश्य येतो."

घड्याळजी गेले. ताई हात पुसत बाहेर आली. "तिथे जाऊन काय करणार आहेस?"

"जे मागितलंय ते. मरणाच्या दारातल्या बाईला खरं सांगून तिचं काय भलं होणार आहे, ताई?"

"तिच्या नावावर खपवू नकोस. तुला लाज वाटतेय, एवढंच म्हण."

"वाटतेय," ते म्हणाले, आणि खुर्चीत बसून राहिले. खरंच वाटत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. कुणीतरी अकरा वर्षं थंडीत, तापात, दुखण्यात आपल्यासाठी उठतंय आणि आपण तेव्हा घोरतोय, हे चित्र डोळ्यांसमोरून जाईना. पण लाज वाटली म्हणून माणूस शहाणा होतोच असं नाही. संध्याकाळी त्यांनी पाचवी कादंबरी काढली, तिच्यात बंदरावरचा पाळक मरणाऱ्या खलाशाजवळ प्रार्थना करतो ती शोधली आणि आरशासमोर उभं राहून चक्क पाठ केली. इस्त्रीचा सदरा काढून ठेवला. सगळी तयारी झाली असं त्यांना वाटलं.

पहाटे पाचला ताईने गदागदा हलवून उठवलं. रस्त्यावर बेकरीत तेवढा उजेड होता आणि एक बाई दुकानापुढचा भाग धूत होती. कादंबरीकारांच्या पुस्तकांत पहाट निदान चाळीसदा फटफटली असेल. प्रत्यक्षात पाहून वीस वर्षं झाली होती. ती एवढी थंड असते हे ते विसरूनच गेले होते. या थंडीत घड्याळजींची बायको अंथरुणातून उठायची. मफलर नाकापर्यंत ओढून ते चालत राहिले.

जिन्यावरच टिकटिक ऐकू यायला लागली. खोली लहान, पण लख्ख. भिंतीवर, टेबलावर, कपाटावर घड्याळं, आणि पलंगाच्या उशाशी नऊच्या नऊ कादंबऱ्या, खाकी कव्हरं घातलेल्या. पलंगावर घड्याळजींची बायको होती. अंगात काही म्हणजे काही उरलं नव्हतं, पण केस नीट विंचरलेले. कुणीतरी यायचं म्हणून विंचरून घेतलेले.

"या भाऊ," ती म्हणाली. "आमची खिडकी पूर्वेची नाही हो. चालेल ना?"

"चालेल, वहिनी," कादंबरीकार म्हणाले. धरणीने पोटात घ्यावं असं त्यांना झालं.

घड्याळजींनी जमिनीवर एक जुनी उशी टाकली. ती मध्ये दोन ठिकाणी दबलेली होती, गुडघ्यांच्या मापाने. कपाटावरच्या घड्याळाने ठोके द्यायला सुरुवात केली. कादंबरीकार वाकले, पलंगाची कड धरली, एक गुडघा टेकला, तोल गेला, मग दुसरा टेकला. दोन्ही गुडघे काडकन वाजले. आयुष्यभर बारीक यंत्रं बघत आलेला तो माणूस हे सगळं बघत होता.

सहावा ठोका पडला.

"हे प्रभो," कादंबरीकारांनी आवाज लावला, "समुद्राला किनारा तूच दिलास, आणि थकलेल्या जहाजाला—"

"भाऊ," ती म्हणाली. "हे पाचव्या पुस्तकातलं ना? बंदरावरचे पाळक म्हणतात ते?"

कादंबरीकारांनी मान डोलावली.

"सुंदर आहे ते. यांना मी तीनदा वाचून दाखवलंय. पण आज ते नको. तुमचं रोजचं म्हणा. माझं नाव घेऊन म्हणता ते."

नाव!

सदरा आठवला होता, खलाशी आठवला होता, मफलरसुद्धा आठवला होता. नाव विचारायचं आठवलं नव्हतं. घड्याळजी काल सगळा वेळ 'आमची ही' म्हणत होते. उत्तरावर प्रिय भगिनी. पाकिटावर नाव घातलं ते ताईने. आणि ते स्वतः आत आल्यापासून वहिनी म्हणत होते. त्यांनी घड्याळजींकडे पाहिलं, पण आपण होऊन बायकोचं नाव घेणाऱ्यांतला तो माणूस नव्हता. टेबलावर औषधांची चिठ्ठी होती, बाटलीखाली दाबलेली. कादंबरीकारांनी अगदी हळू, खोकल्याचं निमित्त करून मान तिरकी केली. डॉक्टरांचं अक्षर! त्यांनी आणखी थोडी मान वळवली, डोळे बारीक केले.

"भाऊ, काय शोधताय?"

ती त्यांच्याकडेच बघत होती. मग तिने त्यांच्या नजरेमागोमाग चिठ्ठीकडे बघितलं आणि पुन्हा त्यांच्याकडे.

"नाव," कादंबरीकार म्हणाले. "तुमचं नाव मला ठाऊक नाही. मी कधी घेतलंच नाही. कुणाचंच नाही. सहाला मी झोपलेला असतो, वहिनी. ते वाक्य मी बनवलं होतं. चांगलं वाटावं म्हणून."

नऊ कादंबऱ्यांतल्या कबुल्या दीड-दीड पानाच्या होत्या. ही एवढीच निघाली. रडूही आलं नाही. तोंड नुसतं भाजल्यासारखं तापलं.



"अकरा वर्षं," घड्याळजी म्हणाले. "अंगात ताप असताना उठलीय ही. मी म्हणायचो झोप, तर म्हणायची, ते तिकडे वाट बघत असतील. वाट! साहेब, तुम्हाला काही—"

"अहो, पुरे," ती म्हणाली. "सहा वाजून गेले. आपलं राहिलंय."

"आज कसलं आपलं!"

"रोजचं. बसा."

घड्याळजी बसले. तिने डोळे मिटले आणि भाजी निवडताना बोलावं इतक्या साध्या आवाजात बोलायला लागली. "देवा, आजचा दिवस दिलास, बरं झालं. यांच्या डोळ्यांना जप, यांना अजून काम करायचंय. खालच्या दुकानातल्या म्हातारबांचा पाय बरा कर. आणि भाऊंना बळ दे. ते पहाटे एकटेच जागे—" ती अडखळली. अकरा वर्षांची सवय होती. "झोपलेले असतात," ती म्हणाली, "तरी त्यांना सोबत कर. आणि रोज मागते तेच, त्यांच्या हातून खोटं लिहिलं जाऊ देऊ नकोस. आमेन."

घड्याळजी आमेन म्हणाले ते भिंतीकडे बघत. कादंबरीकारांना म्हणताच येईना. रोज हेच मागितलं होतं या दोघांनी. रोज. आपण लिहीत होतो आणि ही दोघं इथे गुडघे टेकून नेमकं हे मागत होती. कुणी दोन शिव्या हासडल्या असत्या, घराबाहेर काढलं असतं, तर ते पळत सुटले असते आणि त्यांना बरं वाटलं असतं. पण कुणी जा म्हणत नव्हतं.

"आता तुम्ही," ती म्हणाली.

"मला येत नाही, वहिनी."

"नाव तर घ्या. तेवढंच मागितलं होतं मी पत्रात."

कादंबरीकारांनी घड्याळजींकडे पाहिलं. घड्याळजींनी मान फिरवली. संसाराला चाळीस वर्षं झाली असतील. परक्या माणसासमोर बायकोचं नाव त्यांच्या तोंडातून कधी निघालं नसेल. आज तर या माणसासाठी का म्हणून काढावं? मग तिचा हात त्यांच्या बाहीवर आला, आणि त्यांनी तिचं नाव घेतलं. घोगरं, हळू, एकदाच.

पलंगावर ती लाजली. त्या अवस्थेतही लाजली.

कादंबरीकारांनी डोळे मिटले आणि ते नाव घेतलं. पुढे काहीतरी यायला हवं होतं. किनारा आला, दिवा आला, जहाज आलं, सगळं पुस्तकातलं. त्यांनी ते सोडून दिलं आणि पुन्हा नुसतं नावच घेतलं. मग पुन्हा. चौथ्या वेळेला आवाज रडल्यासारखा झाला आणि त्यांना त्याचीही लाज वाटली, पण थांबायची त्याहून जास्त वाटली.

"हं," ती डोळे मिटूनच म्हणाली. "ऐकू येतंय."