आधी तुमचं उत्तर

झाकणाखाली, काचेच्या मानेभोवती, साखरेसारखे पांढरे कण जमले होते. वैभवीने वाकून पाहिलं आणि हळूच मागे सरकली.

बाटलीत ईथर होतं. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी तिला ते हवं होतं. नवीन माल आला नव्हता, म्हणून धवलने स्टोअरच्या मागच्या फळीवरून ही जुनी बाटली शोधून आणली होती. धवल पीएचडी करत होता आणि या हिंदीभाषक शहरातल्या प्रयोगशाळेत सगळे आधी त्यालाच विचारायचे. झाकण फिरेना, तेव्हा त्याने ते बाकाच्या कडेवर ठोकून पाहिलं. अडलेल्या झाकणाला इथे सगळे हेच करायचे.

"धवल भैया, रुको. ये पेरॉक्साइड तो नहीं है?"

"अरे, मैल है. तुम मराठी लोग डरते बहुत हो यार," तो हसला. "वर्कशॉप से पाना लेकर आता हूँ."

"मैं मॅडम से पूछ लूँ?"

"पूछ लो. ज़िंदा लौटना."

तो गेला. वैभवीने बाटलीला हात लावला नाही. जुन्या ईथरमध्ये हवेमुळे पेरॉक्साइड तयार होतं, त्याचे कोरडे स्फटिक नुसत्या घासण्यानेही फुटतात, हे तिने वाचलं होतं. आणि झाकणाच्या आट्यांमध्ये घासण्याखेरीज दुसरं काय होणार? पण प्रत्यक्ष असे कण तिने कधी पाहिले नव्हते. खरंच मळ असला तर?

धवल तिचं ऐकणार नव्हता. मॅडमचं ऐकलं असतं.

स्वरूपा मॅडमची खोली कॉरिडॉरच्या टोकाला होती. मागच्या सत्रात वैभवी एक शंका घेऊन तिथे गेली होती, तेव्हा मॅडमनी सगळ्यांसमोर तिला दारातून परत पाठवलं होतं. "सवाल के साथ अपना जवाब लाओ. खाली हाथ मंदिर जाते हैं, मेरे पास नहीं." प्रकल्पाचे गुणही त्यांच्याच हातात होते. लक्ष्मीबाई नगरातल्या घरी बाबा म्हणायचे, "अगं, मराठी आहेत ना त्या? ओळख सांग की." पण कॉलेजात मॅडम कुणाशीच मराठी बोलत नसत.

वैभवीने दार वाजवलं. मॅडम लॅपटॉपवर कुणाशी तरी बोलत होत्या. त्यांनी न बघता तळहात दाखवला. थांब.

वैभवी थांबली. खाली वर्कशॉपचं शटर वाजल्यासारखं वाटलं. तिने कुर्त्याला हात पुसले आणि आत पाऊल टाकलं.

"मॅडम, सॉरी."

मॅडमनी आवाज बंद केला. चष्म्यावरून पाहिलं. "सवाल?"

"ईथर की पुरानी बॉटल है. गर्दन पर सफ़ेद क्रिस्टल हैं. खोलें या नहीं?"

"पहले अपना जवाब."

चुकलं तर सगळे वर्षभर हसतील, वैभवीला वाटलं. "जवाब है... नहीं. हाथ भी नहीं लगाना है. पेरॉक्साइड है." मग तिला राहवेना. "मॅडम, धवल पाना आणायला गेलाय. तो उघडणार आहे."

मॅडम उठल्या. खुर्ची भिंतीवर आपटली.

"हलवली कुणी?" त्यांनी मराठीत विचारलं.

"त्यानेच आणली. झाकण ठोकलंसुद्धा."

मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला, आणि बाटलीवरचा तो मळ नव्हता हे वैभवीला तेव्हा कळलं.

दोघी पोचल्या तेव्हा प्रयोगशाळेचं दार उघडं होतं. धवल आत पाठमोरा उभा होता. त्याच्या एका हाताची मूठ बाटलीभोवती होती आणि पान्याचे जबडे झाकणावर बसले होते.

मॅडम दारातच थांबल्या. ओरडल्या नाहीत. "धवल," त्या इतक्या हळू बोलल्या की वैभवीलाही जेमतेम ऐकू आलं, "घुमाना मत. पाना ढीला करो. अब बॉटल छोड़ दो. धीरे."

त्याने मान वळवली. त्यांचा चेहरा पाहिला आणि त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं. पाना सुटताना काचेला लागला. बारीक टण् झालं. तिघंही जिथल्या तिथे गोठली.

काही झालं नाही.

इमारत रिकामी करून सगळे बाहेर हिरवळीवर आले. बॉम्बनाशक पथक मागवायला मॅडम पोलिसांना फोनवर पत्ता सांगत होत्या, आणि स्वतःच्याच विभागाचं नाव त्यांना आठवेना. फोन ठेवल्यावर त्यांनी वैभवीचं मनगट धरलं. त्यांचा हात बर्फासारखा गार होता.

"तू आज उत्तर न घेता आली असतीस," त्या म्हणाल्या, "तर मी तुला दारातूनच..."

वैभवी इमारतीकडे पाहत राहिली. धवल कडेला गवतावर बसला होता. पाना अजून त्याच्या मुठीत होता, आणि मूठ काही केल्या उघडत नव्हती.