अर्धा सत्यशीलाबाईंचा, अर्धा कडूबांचा

जुनं झाल्याचं मला वाईट वाटत नाही, मित्रांनो. टीव्हीवर खेळायच्या गेमचा मी एक कंट्रोलर आहे. या घरात मला रिमोट म्हणतात, आणि त्या नावालाही मी ओ देतो. दोन मुठींत मावणारं काळं अंग, डाव्या बाजूला चालायची दांडी, उजव्या बाजूला चार बटणं आणि दोन्ही खांद्यांवर एकेक कळ, असं माझं रूप. माणसाला दोन हात असतात हे गृहीत धरूनच मला घडवलं गेलं. ते नेहमीच खरं नसतं, हे मला फार उशिरा कळलं.

लांबच्या एका कारखान्यात मी जन्मलो. तपासणीच्या टेबलावर एका मुलीने माझं एकेक बटण दाबून पाहिलं, मान हलवली आणि मला डब्यात ठेवलं. माझं बालपण तेवढंच. पुढे मी पायलच्या हाती आलो. ती संभाजीनगरला होस्टेलवर राहून शिकत होती. मला हातात घ्यायला तिच्या मैत्रिणींची भांडणं लागत. तिथे माझं फार कौतुक झालं. मग पायलला नोकरी लागली, आणि मी जुन्या वायरी नि फुटक्या चष्म्यांच्या शेजारी गावाकडच्या घरातल्या कपाटात जाऊन पडलो. माझं रबर चिकट झालं. आपलं आयुष्य सरलं असंच मला वाटू लागलं होतं.

तेवढ्यात पायलच्या वडिलांच्या अंगावरून वारं गेलं.

कडूबा त्यांचं नाव. अंकुशनगरच्या साखर कारखान्यात त्यांनी सारी हयात उसाची क्रेन चालवली होती. ट्रॅक्टरमधला ऊस कवेत उचलायचा आणि गव्हाणीत, म्हणजे गाळपाला नेणाऱ्या पट्ट्यावर, सोडायचा. दोन हातांत दोन दांडे, आणि खाली ओरडणारी माणसं. निवृत्त होऊन ते कुंभार पिंपळगावला घरी आले, आणि पुढच्याच हिवाळ्यात त्यांचा डावा हात लुळा पडला. पाय काठीच्या आधाराने चालत होता, जीभही सुटली होती. पण मन उठेना. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. गव्हाणीवरचे जोडीदार मुबारकभाई भेटायला आले, की आतूनच सांगत, "झोपलेत म्हण त्याला."

त्यांच्या पत्नी सत्यशीलाबाई हे सांगायला कधी दारात गेल्या नाहीत. खोटं बोलायचं नाही, हे त्यांचं रोजचं व्रत. सकाळी अंघोळ झाली की बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे मेणबत्ती लावून त्या त्रिसरण-पंचशील म्हणत, आणि म्हटलेलं दिवसभर पाळत. त्यामुळे मुबारकभाईंना त्या एवढंच सांगत, "जागे हायती भाऊ, पर यायचं न्हाई म्हंत्यात." मुबारकभाई ओट्यावर घटकाभर बसून परत जात.

डॉक्टरांनी हाताच्या व्यायामाला रबरी चेंडू दिला होता. कडूबांनी तो खाटेखाली फेकला. आपण काय लहान लेकरू आहोत का, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा सुटीवर आलेल्या पायलने कपाटातून आम्हाला काढलं, मला आणि माझ्या यंत्राला, आणि टीव्हीला जोडलं. आत एक जपानी गोष्टीचा गेम होता, असा लांबलचक की तिचा स्वतःचा कधी पुरा झाला नव्हता. कसं खेळायचं ते शिकवून ती नोकरीवर परत गेली.

कडूबांनी मला धरलं. उजव्या मुठीत मी नीट बसलो. डावीकडून घसरलो आणि त्यांच्या मांडीवर पडलो. त्यांनी पुन्हा धरलं, मी पुन्हा घसरलो. मित्रांनो, त्यांच्या तोंडाकडे पाहायचा मला धीर झाला नाही. ते भिंतीकडे वळणार, इतक्यात सत्यशीलाबाई पदराला हात पुसत आल्या, खाटेवर त्यांच्या डाव्या अंगाला टेकल्या आणि माझं डावं अर्धं अंग मुकाट्याने आपल्या हातात घेतलं.

असा मी दोघांचा झालो. चालणं बाईंकडे आलं, बाकी सगळं कडूबांकडे.

गोष्ट अशी होती. एका राज्यात संध्याकाळ थांबली आहे. सूर्य मावळतीला टेकतो आणि तिथेच अडकून राहतो. पीक पिकत नाही, पोरं मोठी होत नाहीत. नावाड्याची लेक शिओरी गळ्यात घंटा बांधून निघते, ती रात्र परत आणायला. तिच्याबरोबर गेन्झो नावाचा एक चिडका म्हातारा तलवारबाज आणि कोल्ह्याच्या कानांचं एक सदा भुकेलं पोर. बोलणं सगळं जपानीत, खाली इंग्रजी अक्षरं. बाई पूर्वी अंगणवाडीत शिकवायच्या. त्या अडखळत वाचत, आणि वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात ग्रंथ वाचतात तशा संथ आवाजात मराठीत सांगत.

पहिल्याच रानात एक काटेरी किडा आडवा आला आणि बाईंनी अंगठा उचलला.

"माझ्यानं मारणं व्हायचं न्हाई," त्या म्हणाल्या.

"अगं, चितरातला किडा हाय त्यो."

"किडा चितरातला असंल. मन तर माझं खरं हाय का न्हाई?"

किडा शेवटी कडूबांनी मारला. मारायची बटणं उजवीकडे होती, म्हणजे त्यांच्याच राज्यात, म्हणून प्रश्न सुटला. तरी बाई शक्य तोवर एकेका राक्षसाला वळसा घालूनच शिओरीला नेत. कडूबा कुरकुरत, की उसाने भरलेला ट्रॅक्टरही इतका लांबून वळवत नाहीत. न लढल्याने आमची माणसं कमजोर राहिली आणि एका लहानशा खेकड्याने सगळ्यांना लोळवलं. तेव्हा कडूबा हसले. वारं गेल्यापासून या घराने ते हसू पहिल्यांदा ऐकलं. बाईंनी दांडी सोडून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, ते मला अजून आठवतं.

त्या दिवसापासून सकाळची वंदना झाली की कडूबा आपणहून उठून बसू लागले. गेन्झो बोलला की म्हणत, "हा तर मुबारक्याच हाय, नुसतीच किरकिर." कोल्ह्याचं पोर जेवणाची आठवण काढायचं, तेव्हा बाई खरोखर उठून चुलीकडे जायच्या. वाळवंटाचा भाग मात्र फार लांबला. तिथे दोघंही कंटाळले, आणि सारखं तेच संगीत ऐकून शेजारच्या चांगुणाबाईंनी विचारलं, की तुमच्याकडं कुणाचं लगीन हाय का. मग बोटीवरचं गाणं आलं. शिओरीची आई मुलीला निरोप देते, ते गाणं. शब्द जपानी. खाली अक्षरं होती, पण बाईंना ती वाचवेनात. पायल सासरी गेली तर आपलंही असंच होणार, एवढंच त्या म्हणाल्या.

पावसाळा संपत आला तेव्हा गोष्ट शेवटच्या दरवाज्याशी पोहोचली. त्याच्यापलीकडे शिओरीची थोरली बहीण होती. संध्याकाळ तिनेच थांबवली होती. आपलं माणूस रात्री मरणार हे तिला कळलं होतं, म्हणून तिने रात्र होऊच दिली नव्हती.

आणि इथे मित्रांनो, माझ्या डाव्या बाजूला काहीतरी बिघडलं. दांडी माझी ठीक होती, बाईंचा अंगठाच दरवाज्याकडे जाईना. त्या शिओरीला मागे वळवत. कुणाची हरवलेली शेळी शोधायला नेत, कुणाला निरोप पोहोचवायला नेत, तळ्यावर मासे पाहत उभ्या करत. तोंडाने त्या एक शब्द खोटं बोलल्या नाहीत, पण त्यांचा अंगठा बोलत होता. मी तो ऐकत होतो, आणि सांगणार कुणाला?

आश्विन पौर्णिमेला विहारातलं ग्रंथवाचन समाप्त झालं. बाई खिरीची वाटी घेऊन आल्या. कडूबांनी खीर खाल्ली, वाटी ठेवली आणि विचारलं, "तिथलं संपलं. आपलं कवा?"

"बघू की."

"दरवाजा त्या पिवळ्या डोंगरामागं हाय. म्या कवाच पाह्यला."

बाईंनी रिकामी वाटी उचलली. मग हळूच म्हणाल्या, "मंग बोलला का न्हाईत?"

"तुला फिरायचं व्हतं. फिरू दिलं."

"मला कशाचं फिरायचं पडलंय?" बाईंचा आवाज कधी चढत नाही, तेव्हाही चढला नाही. "हे सरलं की तुमी पुन्हा भिंतीकडं तोंड करताल. मला त्येचं भ्या वाटतंय, पायलचे पप्पा."

कडूबांनी आपल्या लुळ्या हाताकडे पाहिलं. तसं करणार नाही, असं काही त्यांनी कबूल केलं नाही. ते म्हणाले, "मंग त्या बहिणीत अन् तुझ्यात फरक काय ऱ्हायला?"

बाईंनी मला मांडीवर घेतलं आणि डोळे पुसले. मग माझं डावं अर्धं अंग पुन्हा हातात घेतलं आणि शिओरीला पिवळ्या डोंगराच्या वाटेला लावलं.

त्या लढाईत आम्ही बरेचदा हरलो. मरताना कोल्ह्याचं पोर इतकं केविलवाणं ओरडे, की बाई दर खेपेला "गेलं गं लेकरू" म्हणत. शेवटी थोरली बहीण गुडघ्यावर आली. आता शिओरीने घंटा वाजवली की रात्र होणार होती. त्यासाठी माझ्या दोन्ही खांद्यांवरच्या कळा एकाच वेळी दाबायच्या होत्या. कडूबांनी उजवी धरली. बाई डावीवर बोट ठेवून थांबल्या. रात्र झाली की ती बहीण किंवा तिचं माणूस मरणार का, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मारणं त्यांना चालत नव्हतं.

तेव्हा कडूबांनी आपला डावा हात उचलला. उचलला कसला, खांद्याने ओढत आणला आणि बाईंच्या हातावर टाकला. एवढाच. त्यात जोर नव्हता, ओल्या पोत्यासारखा तो पडून राहिला. पण तीन हातांचा भार मी माझ्या अंगावर पेलला आहे, मित्रांनो, आणि माझ्या जातीत असा मान कुणाला मिळाला असेल असं मला वाटत नाही. कडूबा म्हणाले, "दाब."

घंटा वाजली. सूर्य बुडाला. बहीण मेली नाही, तिचं माणूसही मेलं नाही. तिने शिओरीच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि तिला झोप लागली. कितीतरी काळाने त्या राज्यातली पोरं अंधाराला घाबरून आयांना बिलगली. मग काळ्या पडद्यावर गेम करणाऱ्यांची नावं वर सरकू लागली, सगळी जपानी, संपता संपेनात. बाईंनी हात जोडले. एवढ्या माणसांनी आपल्यासाठी कष्ट केले आणि आपण त्यांना ओळखतसुद्धा नाही, असं त्या म्हणाल्या. कडूबांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. गाळपाचा हंगाम संपून भोंगा बंद झाला की असंच कानात सुनं सुनं वाटायचं, एवढं ते बोलले.

दुसऱ्या दिवशी वंदना झाली. कडूबा उठले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तिसऱ्या दिवशीही तेच. बाईंनी मला पुसलं आणि फळीवर ठेवलं.  मग त्या चुलीपाशी बसून होत्या, आणि भाकरी करपल्याचा वास आला.

बाजाराच्या दिवशी मुबारकभाई ओट्यावर आले. नेहमीसारखे बाहेरूनच बोलले, "क्या कडूबा, जिंदा हाय का? भाभी, इसको बोलो, बिलकुल भाव खाऊ नको."

बाई सवयीचं उत्तर द्यायला उठल्या, तोच आतून आवाज आला.

"मुबारक्या, आत ये. तुझ्यासारखाच एक म्हातारा भेटला व्हता मला. त्येचं काय झालं ते ऐकायचं का?"

मुबारकभाई आत आले. कडूबा भिंतीपासून वळले, उशीला टेकून बसले आणि नावाड्याच्या लेकीपासून सांगायला लागले. वाळवंटापर्यंत आले तेव्हा चहा दोनदा झाला होता. मुबारकभाई मध्ये मध्ये शंका काढत, की संध्याकाळ सरली नाही तर कारखान्यातली पाळी कशी बदलत असेल. कडूबा त्यांना गप्प करत. शेवटी मुबारकभाई कंटाळून, म्हणजे कंटाळल्याचं दाखवून, म्हणाले, "बाकीचं उद्या दुकानावर येऊन सांग. परवेज बी ऐकंल. तिथं चार माणसं बसत्यात."

परवेज हा मुबारकभाईंचा मुलगा. त्याचं वेल्डिंगचं दुकान चौकात आहे. कडूबा त्या दिशेला वारं गेल्यापासून फिरकले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काठी मागितली.

ते गेल्यावर बाईंनी पायलला फोन केला. त्यांचं बोलणं मला फळीवर ऐकू येत होतं. "न्हाई गं, खेळत न्हाईत आता. सांगत बसत्यात," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "मी उगाच अडवून धरलं व्हतं, पोरी. संपल्याबिगर गोष्ट कुणाला सांगता येती का?"

मित्रांनो, तेव्हापासून मी या फळीवर आहे. कधीमधी बाई मला कोरड्या फडक्याने पुसतात आणि वायरीला पीळ पडू नये म्हणून ती सैल गुंडाळून ठेवतात. तुमच्या घरी माझे भाऊबंद असतील तर त्यांनाही एवढं जपा. हरल्याच्या रागात त्यांना आपटू नका, कुणाला एक हात कमी पडत असेल तर दुसरी बाजू धरा. आणि हाती घेतलेली गोष्ट शेवटाला न्या, शेवट कितीही नकोसा वाटला तरी. मग आम्हाला खुशाल फळीवर ठेवून बाहेर जा. मला कुणी विसरलं, असं मी म्हणत नाही. आत्ता चौकातल्या दुकानात कडूबा पुन्हा एकदा गोष्टीतल्या शेवटच्या दरवाज्यापर्यंत आले असतील, आणि परवेजने वेल्डिंग थांबवलं असेल.