कापडाची उलटी बाजू

शिवणकाम करणाऱ्या बाईला एक खोड असते. कापड कितीही चकाको, उलटी बाजू बघितल्याशिवाय ती कात्री लावत नाही. साथीच्या दिवसांत मोबाइलवर येणाऱ्या उपायांनाही तिने तोच नियम लावला होता. थोरल्या जावेचे उपाय तर दिवसाला दहा. "कुणी सांगितलं, ताई?" असं विचारलं की जाऊ म्हणायची, "सगळेच म्हणतात!" हे सगळे म्हणजे कोण, ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसेल.

पण नवऱ्याला ताप आला, आणि तिसऱ्या सकाळी ऑक्सिमीटरमध्ये त्याचं बोट घातलं तर आकडा चौऱ्याऐंशी. पंच्याण्णवच्या खाली गेला की धोका, एवढं तिलाही ठाऊक होतं. तेवढ्यात जावेचा फोन आला. आकडा ऐकताच ती म्हणाली,

"दवाखान्यात नेऊ नकोस हं! दर तासाला मिठाचं गरम पाणी पाज, आकडा चढतो. आत्ताच वाचलंय."

घाबरलेलं माणूस काहीही पितं आणि काहीही पाजतं. तिने पातेलं शेगडीवर ठेवलंसुद्धा. मग स्वतःवरच चिडून शेगडी बंद केली आणि जिचे गणवेश ती शिवायची त्या नर्सला फोन लावून आकडा सांगितला.

"बोलताना धाप लागते का? ओठ निळे पडलेत?"

"नाही. सकाळपासून भांडतायत माझ्याशी."

"काम काय करतात?"

"फर्निचरला पॉलिश."

"नखं बघ बरं त्यांची."

काळीकुट्ट होती. वीस वर्षं रोज बघून तिला ती दिसेनाशीच झाली होती.

"त्या रंगामुळे आकडा चुकू शकतो. पायाच्या अंगठ्याला लावून बघ. तिथेही कमी आला तर तडक घेऊन ये."

अंगठ्याचा आकडा आला सत्त्याण्णव. ती ढसाढसा रडली.

"अगं, जिवंत आहे तरी एवढी रडतेस, मेलो असतो तर काय केलं असतंस?" तो एका दमात म्हणाला.

"परत म्हणा," ती म्हणाली. त्याने परत म्हटलं. धाप नव्हती. तिला इतकं हलकं वाटलं की ती रडता रडता हसायला लागली.

तिने जावेला कळवलं मात्र, पाचव्या मिनिटाला ग्रुपवर मेसेज हजर: 'बोटाला लावू नका! सर्वांनी फक्त पायाच्या अंगठ्याला लावा!'

तिने डोळे पुसून फोन लावला. "ताई, आधी ते काढून टाका. ज्यांची नखं रंगलेली, त्यांच्यापुरतंच आहे ते."

मग जावेने जन्मात पहिल्यांदा विचारलं, "कुणी सांगितलं?"