गाडीच्या मागे कोण होतं

ऑर्विल स्ट्राउड वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी बायकोला सोडून बाथटबकडे गेला. भांडण वगैरे काही झालं नव्हतं. नऊ वर्षं दोघं घरगाडीत राहिली होती, चाकांवर स्वयंपाकघर आणि चाकांवरच पलंग. मार्चमध्ये आठ दिवसांसाठी म्हणून फिनिक्सला लेकीकडे गेली. तिथे तो टबात उतरला आणि, त्याची बायको वर्ना लोकांना सांगायची तसं, अजून वर आलेला नाही.

अडचण एवढीच की जानेवारीत दोघांनी मिळून एक अर्ज भरला होता. नॉर्थ डकोटातल्या विलो बेंड कँपग्राउंडवर मे ते सप्टेंबर होस्टचं काम: संडास धुवायचे, सरपण विकायचं, लोकांना कुत्री बांधायला सांगायची. पगार नाही. त्याऐवजी एक नंबरची जागा फुकट, तीही पाणी, वीज आणि सांडपाण्याच्या नळीसकट. घरगाडीवाले अशा जागेबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. एरवी सरकारी जमिनीवर चौदा दिवस झाले की उठावं लागतं, आणि वर्ना दोन महिने उठतच होती. ही जागा हुकली तर उरत होतं ते फिनिक्स, लेकीच्या हॉलमधला सोफा आणि शेचाळीस डिग्री.

जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं, जोडपंच हवं.

मेच्या शेवटी एका सकाळी ती एकटीच येऊन पोचली. तिथला रेंजर लाइल हाउगन हा चेहऱ्यावर काहीही उमटू न देणारा माणूस. त्याने तिच्याकडे पाहिलं, शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे.

"मिस्टर स्ट्राउड कुठायत?"

"टबात."

लाइलने ते लिहून घेतलं.

मग त्याने शांतपणे नियम सांगितला. दोन वर्षांपूर्वीच्या होस्टने गाडी मागे घेताना पाण्याचा नळ तोडला होता. तीन दिवस कारंजं उडत होतं. एका जोडप्याने त्याच्यापुढे लग्नाचे फोटोही काढून घेतले. तेव्हापासून गाडी लावताना मागे कोणीतरी उभं पाहिजे आणि ते कोण होतं हे फॉर्मवर भरायला पाहिजे. लाइल स्वतः उभा राहू शकत नव्हता. सरकारी माणसाने हात हलवला की पुढे जे होईल ते सरकारच्या अंगावर येतं.

"लावून दाखवा, बाई," तो म्हणाला. "नीट लागली तर बघू. झाडाची साल निघाली तर मात्र ओहायोचं एक जोडपं वाट बघतंय. दोघंही हजर आहेत."

एक नंबरची जागा कॉटनवुडच्या दोन म्हाताऱ्या झाडांमधून आत होती. झाडांमधलं अंतर गाडीपेक्षा दोन हात जास्त. दोन्ही बाजूंना मिळून.

तोवर कँपवाले घडीच्या खुर्च्या आणि कॉफीचे मग घेऊन बाहेर आले होते. कोणी घरगाडी मागे घ्यायला लागलं की इथे हातातली कामं टाकून बघायला बसतात. चार नंबरची डॉटी तर ओल्या केसांनीच आली. "घाबरू नकोस गं," ती म्हणाली, "आम्ही सगळ्यांनी काही ना काही तोडलंय." मग सगळेच मदत करायला लागले. सात माणसं, सात दिशा.

वर्नाने दोनदा गाडी मागे घेतली आणि दोनदा वाकडी गेली. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की नऊ वर्षांत तिने मागे असं कधी पाहिलंच नव्हतं. डाव्या आरशात ऑर्विल उभा असायचा. ती ऑर्विलकडे बघायची. त्याच्या मागे काय होतं, झाड की दरी, याच्याशी तिचा संबंध नव्हता.

तिसऱ्या वेळी ती वळण घेत होती तेव्हा बघणाऱ्यांनी खुर्च्या उचलल्या आणि एक शब्द न बोलता सगळे आपापल्या गाड्यांत गेले. इतकं वाईट चालवतेय का मी, असं तिला वाटलं. मग डावा आरसा तपकिरी झाला.

तिने इंजिन बंद केलं.

बायसन आले होते. त्या दोन झाडांमधूनच येत होते, दाराने घरात शिरावं तसे, एकामागून एक. आधी ओल्या लोकरीचा वास आला, मग जमिनीतून घुमत येणारा एक आवाज, हंबरणं नव्हे, त्याच्याही खालचा. ड्रॉवरमधले चमचे बारीक किणकिणायला लागले. गाडी एवढी मोठी, पण त्यांच्यात ती कोणी खेळणं विसरून गेल्यासारखी दिसत असणार. एक नर खिडकीशी थांबला. त्याचं डोकं खिडकीएवढं होतं, म्हणजे खिडकीत दुसरं काहीच उरलं नाही. त्याच्या श्वासाने काच धुरकटली, निवळली, पुन्हा धुरकटली. वर्नाचाही श्वास त्याच्याच तालावर चालू झाला होता. त्याच्या पोटाखालून नारिंगी रंगाचं एक वासरू निघालं आणि टायर चाटून पुढे गेलं.

फोन थरथरला. तिने उचलला; ऑर्विलला नेलकटर कुठे आहे ते हवं होतं.

तिने काच दोन बोटं खाली केली आणि फोन फटीशी धरला. पलीकडे पाण्याचा चुबुक चुबुक आवाज येत होता, तो थांबला.

"वर्ना," तो हळूच म्हणाला, "हे काय आहे?"

"गप्प बस."

तिने फोन फटीशी तसाच धरून ठेवला. चाळीस मिनिटं कळप जात राहिला.

शेवटचा बायसन गेल्यावर तिने आरशात पाहिलं. झाडांखालची माती रात्रीच्या दवाने ओलसर होती आणि दोनशे जनावरांनी ती तुडवून काळा पट्टा पाडला होता, गाडीच्या पाठीपासून दोन झाडांच्या बरोब्बर मधून, नळाला बाजूला ठेवून, सरळ. ही वाट त्यांची. झाडं, नळ, एक नंबर, सगळं नंतरचं.

तिने गाडी सुरू केली. फोन मांडीवर तसाच चालू होता. इंजिनाचा आवाज ऐकून फिनिक्सच्या टबातून, काही दिसत नसताना, ऑर्विल सवयीने म्हणाला, "येऊ दे... येऊ दे..."

ती पट्ट्यावरून मागे गेली.

"येऊ दे... बस."

तिने ब्रेक दाबला.

लाइल आपल्या सरकारी ट्रकमधून उतरला. झाडांची साल बघितली, मग टेप काढून नळ आणि बंपर यांच्यातलं अंतर मोजलं. वीतभर होतं. त्याने टेप गुंडाळला, पुन्हा उघडला आणि पुन्हा मोजलं.

"फॉर्मवर एक रकाना राहिलाय," तो म्हणाला. "मागे कोण होतं?"

"तुम्ही बघितलंत की."

लाइलने नदीकडे जाणाऱ्या कळपाकडे पाहिलं. तो इथे एकवीस वर्षं नोकरीला होता. तरी त्याने टोपी काढली होती आणि ती अजून हातातच होती. मग त्याने लिहिलं: मिस्टर स्ट्राउड, टबातून. इतर अंदाजे दोनशे. संख्येच्या चौकटीत दोनच आकडे मावत होते म्हणून तिथे नव्व्याण्णव घातलं, आणि स्वयंसेवकांची दोन हिरवी जाकिटं खिडकीतून तिच्या हातात दिली.

"वर्ना," मांडीवरून ऑर्विलचा आवाज आला. "तिथे टब आहे का गं?"

नदीच्या अलीकडे तो खिडकीवाला नर धुळीच्या खळग्यात उताणा पडून चारही पाय आभाळाकडे झाडत होता. धूळ त्याच्यावर उन्हात सोन्यासारखी उभी होती.

"आहे," वर्ना म्हणाली. "पण सध्या आत कोणीतरी आहे."