डाव्या चाकाचा छत्तीसचा आकडा

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. एका छोट्या विजेच्या गाडीखाली मी पाच वर्षे धावलो, बहुतेक काळ पुढच्या डाव्या चाकावर. आता माझ्या अंगावरची नक्षी पुसली गेली आहे. अंगणाच्या भिंतीला टेकून मी ऊन खात बसतो. वेळ भरपूर आहे, म्हणून माझी हकिकत सांगतो.

कारखान्यात रबर, काजळी आणि पोलादी तारा एकत्र करून मला साच्यात भाजले, तेव्हा मी स्वतःला मोठा बलवान समजत होतो. पण पहिल्यांदा पोटात हवा भरली आणि कळले, की खरी ताकद तिचीच. आमची गाडी दिसायला चिमुकली, पण बॅटरीमुळे वजनाला भारी. ते सगळे ओझे हवाच उचलते. मी नुसता तिचा अंगरखा!

गाडी घेतली एका शिंप्याने. त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांची धाकटी बहीण त्यांच्याच घरी राहत असे. तिने पन्नाशी ओलांडली तरी तिचे नाव छोटीच राहिले होते. छोटीच्या दोन्ही किडन्यांनी काम सोडले होते. यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यायला तिला आठवड्यातून तीनदा बासष्ट किलोमीटरवरच्या रुग्णालयात जावे लागे. दोन बस बदलताना तिचा जीव मेटाकुटीला येई. म्हणून मास्तरांनी आठवड्यातले ते तीन दिवस दुकान बंद ठेवायचे ठरवले आणि ही गाडी घेतली.

छोटी बसायची ती बरोबर माझ्याच वर. दोघे जाताना वाटभर भांडत.

"दादा, हळू चालव!"

"याहून हळू म्हणजे उलटं जावं लागेल."

आमच्या गाडीला इंजिनाची घरघर नाही, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू येई. परतताना मात्र छोटी गळून जायची, तिला हुडहुडी भरायची. मास्तर हीटर लावत, ती झोपी जाई, आणि रस्त्याचे हिसके मी जमतील तेवढे स्वतःच्या पोटात घेई. ते माझे सुखाचे दिवस होते.

पेट्रोलच्या गाड्या पंपावर जातात, तेव्हा सहज हवाही भरून घेतात. आमची गाडी अंगणातच चार्ज होई. पंपावरून जाताना मास्तर ऐटीत हॉर्न वाजवत. पण हवेचे यंत्रही तिथेच असते, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हते. टायर कितीही धडधाकट असो, त्याची हवा महिन्या-महिन्याला थोडी थोडी झिरपतेच. सदऱ्याचे माप तीनदा घेणारे मास्तर आमचे माप लाथेने घेत. एक ठोकर मारायची आणि म्हणायचे, "दगड आहे, दगड!"

दीड वर्षात आम्ही चौघेही बसके झालो. माझ्या दोन्ही कडा रस्त्याला घासू लागल्या, अंग तापू लागले. असे टायर ओढायला गाडीला जास्त वीज लागते. बॅटरीचा आकडा भराभर उतरू लागला.

"बॅटरी म्हातारी झाली," मास्तर पुटपुटले.

थंडीतली एक संध्याकाळ मी विसरणार नाही. घर बारा किलोमीटरवर आणि बॅटरी आठ टक्क्यांवर. मास्तरांनी हीटर बंद केला आणि अंगातला कोट काढून छोटीवर पांघरला. घर आले, पण तिचे दात वाजत होते.

उतरताना ती म्हणाली, "दादा, तीनऐवजी दोनदाच जाऊ या. हल्ली मला बरं वाटतंय."

"डॉक्टर म्हणाले?"

"मीच म्हणते. माझं शरीर मला कळत नाही?"

बुधवारी खेपेचा दिवस असूनही गाडी अंगणातून हलली नाही. मास्तरांनी मनाशी ठरवले, ही विकून मोठी गाडी घ्यायची. गुरुवारी सकाळीच गाडी पाहायला एक बाई आल्या. त्यांनी तीस वर्षे बस चालवली होती. गाडीच्या रंगाकडे त्यांनी पाहिलेही नाही. सरळ उकिडव्या बसल्या आणि माझ्यावर तळहात फिरवला. मग स्वतःच्या गाडीतून हवा मोजायचे मीटर आणले.

"मी ही गाडी घेणार नाही," त्या म्हणाल्या.

"का हो?"

"विकायला काढायचं कारणच नाही! दाराच्या चौकटीवर काय लिहिलंय? हवा छत्तीस. आणि यात आहे एकवीस. चौघंही उपाशी आहेत बिचारे. मास्तर, गिऱ्हाइकाची बाही तुम्ही लाथ मारून मोजता का?"

दारात उभी असलेली छोटी खुदकन हसली. "छत्तीस! आमच्या दोघांचा तर जन्मापासूनच छत्तीसचा आकडा!"

पण हसता हसता तिला धाप लागली. मास्तरांनी वळून पाहिले. ती अनवाणी होती. पाय इतके सुजले होते, की चप्पल चढत नव्हती.

"छोटी..." मास्तरांचा आवाज बदलला. "बरं वाटतंय म्हणालीस ना?"

"तुझ्या गाडीला झेपत नव्हतं रे."

"गाडीला? की मला?"

बाईंनी तिला खुर्चीत बसवून रुग्णालयाला फोन लावला; यंत्र दुपारपर्यंत मोकळे करतो, असे उत्तर आले. मास्तरांनी बाईंच्या गाडीतला पायपंप ओढून घेतला आणि मारू लागले. साठी उलटलेला माणूस, घामाने डबडबला, पण थांबला नाही. माझे पोट भरत गेले, पाठ ताठ झाली. चारही चाकांत छत्तीस झाल्यावरच आम्ही निघालो. मित्रांनो, त्या दिवशी मी जसा धावलो, तसा पुन्हा कधी धावलो नाही.

रुग्णालयातल्या नर्सबाईंनी दोघांनाही फैलावर घेतले. छोटीला यंत्रावर घेतले आणि तिची धाप ओसरली. परतीच्या वाटेवर मास्तरांनी पूर्णवेळ हीटर चालू ठेवला. घर आले तेव्हा बॅटरीत चौदा टक्के शिल्लक होते. छोटी गाढ झोपली होती. मास्तरांनी दार उघडले नाही; ती जागी होईपर्यंत ते तसेच बसून राहिले.

त्यानंतर छोटीची एकही खेप चुकली नाही. दर पंधरवड्याला, गाडी हलण्याआधी, टायर थंड असतानाच मास्तर मीटर लावत. रुतलेले खडे काढत, खिळा घुसलाय का पाहत, वरचेवर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करवून घेत. हवा परत भरता आली, पण माझ्या झिजलेल्या कडा काही परत आल्या नाहीत. तरीही त्या हातांच्या मायेवर मी आणखी साडेतीन वर्षे काढली.

मित्रांनो, जे आपले ओझे वाहतात ते सहसा तक्रार करत नाहीत. टायर तर बोलूच शकत नाही. आणि माणसे बोलतात, पण खोटे बोलतात. म्हणून तुमच्या घरातले कोणी "माझं काय, मला बरं वाटतंय" असे म्हणाले, तर लांबून अंदाज बांधून निघून जाऊ नका. जवळ बसा, हात लावून पाहा.