सारवलेली जमीन

उज्वला पहिल्या बाळंतपणाला मुखेडजवळच्या माहेरी आली, त्या वर्षीच्या पौषात कस्तुराबाईनं लेकीच्या बाजेखाली निखाऱ्याची शेगडी सरकवली आणि दाराची फट गोणपाटानं बुजवली. खोली आतली, कणगीची. वारा लागत नाही म्हणून तीच निवडलेली.

बाळंतपणाच्या आधी ह्याच खोलीत, ज्वारीला कीड लागू नये म्हणून राखेत पारा मळताना तिच्या हातून बाटली निसटली होती. चकाकते थेंब जमिनीच्या भेगांत पळाले. हाती लागले तेवढे तिनं कागदावर गोळा केले, बाकीच्यांवर शेणानं सारवलं.

आता लेकराला धाप लागली होती. उज्वलाही खोकत होती. गारठा बाधला असं समजून कस्तुराबाई निखारे वाढवत गेली.

गावची आशा कार्यकर्ती सिंधु लेकराचं वजन करायला आली. बोलता बोलता बाटलीचं निघालं, तसा तिनं तिथूनच फोन लावला. दुपारी डॉक्टर मंजुषा दोन माणसं घेऊन आल्या, तिघांच्या तोंडाला मास्क. उज्वलाचे वडील शेषेराव ओसरीवरून म्हणाले, पोरीच्या लग्नाला बी एवढं सरकार आलं नव्हतं.

शेगडी विझवा, दोघांना बाहेर आणा, गाडी मागवली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. कस्तुराबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली. बारसं झाल्याबिगर बाळंतीण बाहेर काढत न्हाईत, वारं बाधलं तर निस्तरायला तुम्ही येणार हाव का, असं बरंच बोलली.

"मावशी, पारा सांडला कुठं?"

"बाजेखालीच. पर आता काई न्हाई तिथं. चांगलं सारवून घेतलं म्या."

डॉक्टर शेगडीकडं बघत राहिल्या.

"तो खालीच आहे, मावशी. निखाऱ्यानं त्याची वाफ होते. दिसत नाही, वास येत नाही. ह्या दोघांच्या छातीत तीच जातेय."

कस्तुराबाई उंबऱ्यातून बाजूला सरली. मग तिनंच लेकरू उचललं आणि अंगणात उन्हात नेलं, डोकंसुद्धा न झाकता. मागून सिंधुनं उज्वलाला धरून आणलं. मोकळ्या वाऱ्यात लेकराची धाप बसली. कण्हणंही थांबलं.

"बघा बाई," कस्तुराबाई म्हणाली, "वारं मानवलं की त्याला."

डॉक्टरांनी नळी त्याच्या छातीला लावली आणि बराच वेळ काढली नाही.

मुलगा तिथंच, अंगणात वारला. उज्वला भोगीच्या दिवशी नांदेडला दवाखान्यात वारली.