मंतरलेले तांदूळ

प्रयागबाईच्या सासरी, कुहीजवळच्या गावात, चोर पकडायची रीत जुनी होती. वस्तू गेली की कवडू भगताला बोलवायचं. तो पितळी ताटात मूठभर कच्चे तांदूळ मंतरायचा, ज्यांच्यावर संशय असेल त्यांना चिमूट-चिमूट चघळायला द्यायचा आणि पळसाच्या पानावर थुंकायला लावायचा. ज्याचे तांदूळ ओले निघाले तो साव, ज्याचे कोरडे तो चोट्टा. त्यावर अपील नव्हतं.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी प्रयागबाईचे तांदूळ कोरडे निघाले. सासूची सोन्याची पोत गेली होती. घरातल्या बायांना अंगणात ओळीनं बसवलं, अर्धं गाव कुंपणाच्या कुडावरून पाहत होतं, आणि त्या तेवीस वर्षांच्या सुनेच्या तोंडात थुंकीचा थेंब उरला नाही. चार महिन्यांनी धान साठवायची ढोली रिकामी करताना तळाशी पोत सापडली. सापडली ती तिच्या नवऱ्याच्या, नानाजीच्याच हाताला. सासूनं ती धुतली, गळ्यात घातली आणि चुलीपुढं जाऊन बसली. गावाला सांगायला कोणी गेलं नाही. नानाजीही नाही. पुढच्या वर्षी त्यानं कळमेश्वरच्या कारखान्यात काम धरलं, दोघं नागपुरात नंदनवनला राहायला आली, आणि त्या गोष्टीवर एकमेकांशी पुन्हा कधी बोलली नाहीत. गावात मात्र प्रयागबाई चोट्टी ती चोट्टीच राहिली.

याला अठ्ठावीस वर्षं झाली. आता त्यांची मुलगी भूमिका कायदा आणि गुन्हेगारीशास्त्र अशा दोन पदव्या एकदम शिकत होती. पाच वर्षांचं काम, पुस्तकं दुप्पट. नातेवाइकांना पहिली पदवी कळायची, दुसरी कळत नव्हती.

"वकीलीन होते म्हणते, ठीक हाय," मोठी जाऊ पुष्पलता फोनवर हसायची. "पण हे दुसरं कायचं वं? चोरांचं शिकाले कॉलेज कायले पाह्यजे? घरीच शिकव ना तू."

तिसऱ्या वर्षी भूमिकाच म्हणू लागली होती की दुसरी सोडून द्यावी, एक धड होईल.

एका दुपारी प्रयागबाई कणीक मळत होती आणि भूमिका मोठ्यानं वाचत होती. मोठ्यानं वाचल्याशिवाय तिच्या ध्यानात राहत नसे.

"आई, गंमत ऐक. पहिले देशोदेशी चोर पकडाले कोरडे तांदूळ चघळाले देत. पण भेवानं कोणाचीही थुंकी आटते, सावाचीही. आमच्या सरांनी तोंडी परीक्षेच्या आधी वर्गाले चिमूट-चिमूट पोहे चारले. साठच्या साठ पोट्टे चोट्टे निघाले!"

प्रयागबाईचे हात कणकेत थांबले.

"पुस्तकात हाय हे? कायद्याच्या?"

"नाही, दुसऱ्या. हे पाह्य, मीच मराठीत उतरवलं."

"कुठं? बोट ठेव."

प्रयागबाईनं हात धुतले, पदराला पुसले. चाळिशीत समाजमंदिराच्या वर्गात ती अक्षरं शिकली होती, भूमिकाच्याच जुन्या पाटीवर. तिनं ती ओळ ओठ हलवत वाचली. पुन्हा वाचली. मग खाली बसून तिनं मुलीला पोतीची गोष्ट पहिल्यांदा सांगितली, ढोलीसकट. सांगून झाल्यावर म्हणाली, "दुसरी सोडू नको. चोराचं काय करायचं ते कायद्यात असन. जो चोर नाही त्याले चोर कसं करतात, ते याच्यात हाय."

त्या वर्षी पुष्पलताच्या मुलाचं, विक्कीचं, साक्षगंध म्हणजे साखरपुडा ठरला. तिघंही आदल्या दिवशी गावी गेली. सकाळी उठून पाहतात तो नवरीसाठी केलेली अंगठी डब्यातून गायब. चार वाजता मुलीकडचे येणार. घरात एकच आरडाओरड झाली आणि पुष्पलताचा नवरा, नानाजीचा मोठा भाऊ मारोतराव, यानं कवडू भगताला बोलावणं धाडलं.

कवडू आता पार म्हातारा झाला होता, पण पितळी ताट तेच होतं. अंगणात बाया बसल्या. कुडावर माणसं जमली.

"पहिले प्रयागले द्या," पुष्पलता म्हणाली. "माहीतच हाय सगळ्याईले."

प्रयागबाईनं जीभ हलवून पाहिली. ती टाळूला चिकटली होती, त्या दिवशीसारखीच. ओळ वाचली होती, पाठही होती, पण पाठ असल्यानं तोंडाला पाणी सुटत नाही. चघळले तर कोरडेच निघणार. या खेपेला मुलगी समोर होती, आणि उद्या गाव म्हणणार होतं, चोट्टीची पोरगी वकील झाली.

"मी नाही चघळत," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत ती भासऱ्यापुढं, नवऱ्याच्या थोरल्या भावापुढं, कधी तोंड उघडून बोलली नव्हती. तशी रीतच नव्हती.

"काहून?" मारोतराव म्हणाला. "मनात पाप नाही त भेव कायचं?"

"तोंड कोरडंच हाय माझं, भाऊजी. न चघळता सांगते. तेव्हाही होतं. भेव होतं म्हणून होतं."

"पाहा! कबूल झाली!" कुडावरून कोणीतरी ओरडलं.

भूमिकानं फोन काढला. "आई, ठाण्यात लावते मी."

"फोन ठेव. कागद काढ. आरोप कसा करतात ते सांग याईले, तू शिकून राहिली ना."

भूमिकानं वहीचं पान फाडलं. "मोठेबाबा, आरोप करायचा त लिहून करा. कोणावर, आणि डोळ्यानं काय पाह्यलं. खाली सही. खोटा निघाला त सही करणाऱ्यानं जबाब द्यायचा." तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'अंगठी प्रयागबाईनं चोरली, असं आमचं म्हणणं आहे', आणि पेन मारोतरावपुढं धरला.

मारोतरावनं पेन घेतला, पाहिला आणि बायकोकडं सरकवला.

"मी कुठं म्हटलं चोरली?" पुष्पलता म्हणाली. "मी म्हटलं पहिले तिले द्या. ए विक्की, तू कर."

"मले नका गुंतवू बाप्पा, आज साक्षगंध हाय माझं!"

कुडावर हशा पिकला. विक्कीनं पेन कवडूच्या ताटात टाकला. कवडूनं तो दोन बोटांनी उचलून परत मारोतरावला दिला. "मी अंगठेबहाद्दर, गा. मी फक्त तांदूळ देतो. नाव त तुमीच घेता."

मारोतराव पेन धरून उभा राहिला. गळ्याची घाटी खालीवर झाली.

"पुष्पे, पाणी आण वं."

"थांबा!" प्रयागबाई उठली. "पाणी मागाहून. कवडूबाबा, त्याईले आधी चिमूटभर तांदूळ द्या."

कुडावरची माणसं पोट धरून हसली. मारोतराव ताटाकडं फिरकला नाही.

प्रयागबाईनं त्याच्या हातातून पेन काढून घेतला. पान उलटं केलं आणि पायरीवर बसून एकेक अक्षर कोरलं. वेळ लागला, पण कोणी हललं नाही. मग तिनंच ते मोठ्यानं वाचलं. "मी अंगठी चोरली नाही. मी पोतही चोरली नव्हती. सही, प्रयागबाई."

"आता पोत कायले काढतं वं मधातच," पुष्पलता चिडून म्हणाली. "ते त ढोलीत सापडली..."

आणि ती थांबली.

"जोरानं सांगा, जाऊबाई," प्रयागबाई म्हणाली. "कुडापावत नाही पोचलं."

ओसरीवरून नानाजी उठला. त्याच जागी तो तेव्हाही बसला होता. तो अंगणात आला, बायकोच्या हातातला पेन घेतला आणि तिच्या नावाखाली सही केली.

"साक्षीदार मी," तो कुडाकडं तोंड करून म्हणाला. "ढोली मीच रिकामी केली होती. पोत माझ्याच हातात आली होती."

"अठ्ठावीस वर्षं लागली, अजी," प्रयागबाई म्हणाली. नानाजीनं मान हलवली. प्रयागबाईचं मन हलकं झालं नव्हतं, रागच होता अजून, आणि तो ती लपवणार नव्हती.

अंगठी त्या दिवशी सापडली नाही. साक्षगंध मागून आणलेल्या अंगठीवर उरकलं. मारोतरावला वाटलं होतं ही माणसं रुसून निघून जातील. प्रयागबाई पहिल्याच पंगतीला बसली आणि दोनदा भात मागून पोटभर जेवली. उठताना तिनं पत्रावळीवरची भाताची चार शितं बोटावर घेतली.

"आई, हे कायले?"

"चल."

ग्रामपंचायतीच्या फलकापुढं उभं राहून तिनं ती शितं दोघांच्या सहीच्या त्या कागदाच्या चारी कोपऱ्यांना मागून चोळली आणि कागद फलकावर दाबून बसवला. अंगठा ठेवून दाबला, चारही कोपरे.

"तेव्हा सारं गाव पाहत होतं," ती म्हणाली. "आता वाचू दे."